असली तरी

मराठीत तरी दोन प्रकारची असते. एक मिसळीवर येते आणि दुसरी स्तुतीवर. पहिलीने जीभ पोळते, नाकाडोळ्यांतून पाणी येते, पण अर्ध्या तासात माणूस ताळ्यावर येतो. दुसरीचे पाणी तीस वर्षांनीही डोळ्यांत येऊ शकते. शिवाय पहिली तरी हॉटेलवाला निदान विचारून तरी वाढतो. दुसरी न विचारता वाढली जाते, आणि वाढणाऱ्याला वाटते की आपण श्रीखंड वाढले.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाने या भानगडीत कशाला पडावे? खरे आहे. मी बी.कॉम., सेकंड क्लास. तत्त्वज्ञान हा माझा विषय नव्हे. पण धंदाच असा आहे की तत्त्वज्ञान काउंटरवर चालत येते. 'मी कोण?' या प्रश्नापायी ऋषिमुनी अरण्यात गेले म्हणतात. माझ्यासमोर रोज शंभरएक माणसे त्याच प्रश्नाला तोंड देत उभी असतात आणि मी त्यांना अरण्याऐवजी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवतो. दोन प्रती, खाली स्वतःची सही. म्हणजे मी मीच आहे असे मीच लिहून द्यायचे, आणि बँकेने ते खरे मानायचे. एवढा सोपा मोक्ष कुठल्याही दर्शनात नाही.

तर सांगत होतो 'तरी'बद्दल. तिची आणि माझी पहिली भेट १९९६ साली झाली. मी अकरावी कॉमर्सला होतो आणि ताईला पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, 'स्वयंपाक येतो का' झाले. ताई आत गेल्यावर मंडळींतले एक वडीलधारे काका मिशीवरचे खोबरे पुसत म्हणाले, "मुलगी सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो!"

आमच्या घरात आनंदीआनंद झाला. बाबांनी काकांच्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. मी तर आत जाऊन ताईला म्हणालो, "पास झालीस! रंगाचा पेपर गेला, पण ग्रेस मार्कांवर सुटलीस," आणि माझ्याच विनोदावर पोट धरधरून हसलो. ताई कप विसळत होती. ती काही बोलली नाही. नंतर कळले, की आम्ही वाक्यातले 'तरी'च्या पलीकडचे ऐकले होते आणि ताईने अलीकडचे.

हे काका दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारे. विटेवर उभ्या असलेल्या त्या काळ्याकुळकुळीत सावळ्याला पाहून त्यांच्या डोळ्यांना धारा लागत. देव काळा चालतो, सून चालत नाही. विठोबाला पाहायला जाताना कुणी 'देव काळा असला तरी पावतो' असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते लग्न पुढे हुंड्यावरून मोडले आणि ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याआधी सहा महिने घरात गोरे करणाऱ्या मलमाची एक ट्यूब येऊन राहिली होती. हे मलम १९७५ साली बाजारात आले. २०२० साली कंपनीने त्याच्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदलले, ट्यूब तीच, आरसा तोच, आणि आरशासमोरची मुलगीही तीच.

कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर ही 'तरी' म्हणजे स्तुतीवरचा टीडीएस. रक्कम हातात पडण्याआधी उगमाशीच कापून घेतात. फरक एवढाच, की बँक कापल्याचा दाखला तरी देते आणि जास्तीचे कापले असेल तर परतावा मिळतो. इथे दाखला नाही, परतावा नाही, आणि वर कापणाऱ्याचे आभार मानायचे.

हे सगळे मला तेव्हाच कळले असे समजू नका. मी पुढे बँकेत लागलो आणि स्वतः कापून घेणाऱ्यांत सामील झालो.

२०१२ सालच्या पावसाळ्यात आमच्या शाखेत एक मास्तर आले. हायस्कूलवर इतिहास शिकवीत. लहानपणीच दृष्टी गेलेली. एका हातात पांढरी काठी, दुसरा हात एका पोरगेल्या भाच्याच्या खांद्यावर. मी त्या भाच्याला विचारले, "यांना काय हवंय?"

"यांना चेकबुक हवंय," मास्तरच म्हणाले. "आणि यांना थेट विचारायला हरकत नाही. हा माझा भाचा आहे, दुभाषा नाही."

मी खजील झालो, पण कारकून खजील झाला की नियमाच्या आडोशाला जातो. म्हणालो, "सर, तसं नियमात बसत नाही. पैसे काढायला तुम्ही स्वतः यायचं, बरोबर एक साक्षीदार आणायचा. तुमच्याच सुरक्षिततेसाठी हो! उद्या कुणी फसवलं म्हणजे?"

"डोळे असलेल्यांना कुणी फसवत नाही वाटतं?"

मी गप्प बसलो. कारण त्याच आठवड्यात आमच्या एका धडधाकट डोळ्यांच्या व्यापाऱ्याने कोऱ्या चेकांवर सह्या करून ते मुनिमाच्या स्वाधीन केले होते, आणि मुनीम दोन दिवसांसाठी गावाला गेला होता तो गेलाच होता. त्या व्यापाऱ्याला आम्ही दुसऱ्याच दिवशी नवे चेकबुक दिले. साक्षीदार मागितला नाही.

"तुम्ही कॉमर्सचे ना?" मास्तरांनी विचारले.

"हो."

"मग करार करायला लायक कोण, हे शिकला असाल."

शिकलो होतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम अकरा. माणूस सज्ञान हवा, त्याची बुद्धी ठिकाणावर हवी, आणि कुठल्याही कायद्याने तो अपात्र ठरलेला नसावा. बस्स. त्यात डोळ्यांचा उल्लेख नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसले. या पेपरात मला बेचाळीस मार्क होते. उरलेले अठ्ठावन्न कुठे गेले ते त्या दिवशी कळले.

मास्तरांचे संपले नव्हते. "रिझर्व्ह बँकेचं जून २००८चं परिपत्रक आहे," ते म्हणाले. "दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, लॉकर, एटीएम काही नाकारायचं नाही म्हणून. तुमच्याकडे आलं असेल." व्यवस्थापकांनी फायली उपसल्या. परिपत्रक निघाले. त्यावर 'वाचले' असे लिहून शाखेतल्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. त्यांत एक सही माझी. आता तुम्हीच सांगा, त्या काउंटरच्या दोन बाजूंपैकी कुठल्या बाजूला दिसत नव्हते?

अकरा दिवसांनी चेकबुक आले. ते घ्यायला मास्तर आले तेव्हा त्यांनी रजिस्टरवर सही केली. मी बोटाने जागा दाखवली आणि त्यांनी एका झटक्यात अशी झोकदार सही मारली, की मी भारावून गेलो. मनात आले, झाले गेले विसरावे, माणसाला चार शब्द चांगले बोलावेत. म्हणालो, "वा सर! तुम्ही दृष्टिहीन असलात तरी सही काय सुंदर करता!"

मास्तर हसले. रागावले असते तर बरे झाले असते.

"तुम्हाला मलिक अंबर माहीत आहे?" त्यांनी विचारले. कॉमर्सच्या माणसाला इतिहास जितका माहीत असतो तितका होता, म्हणजे नव्हता. मग त्यांनी सांगितले. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, जमिनीची मोजणी करून सारा बसवला, खडकी शहर वसवले आणि तिथे पाण्यासाठी नहर बांधली. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला.

"दरवर्षी मुलं पेपरात लिहितात," मास्तर म्हणाले. "'मलिक अंबर हबशी असला तरी कर्तबगार होता.' भाचा वाचून दाखवतो आणि मी अर्धा मार्क कापतो. मुलं विचारतात, सर, माहिती तर बरोबर आहे, मार्क कशाचा कापला? मी सांगतो, 'तरी'चा. तो हबशी होता आणि कर्तबगार होता. मधे 'तरी' घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

चेकबुक खिशात घालून मास्तर निघून गेले. माझा अर्धा मार्क त्यांनी कापला होता.

त्या दिवसापासून माझ्या कानाला एक खोड लागली. कुठेही 'तरी' पडली की कान टवकारतात. आणि वाचकहो, तुम्हीही आठ दिवस ऐकून पाहा. या महाराष्ट्रात जेवढी तरी मिसळीवर खपत नाही तेवढी माणसांवर खपते.

आमच्या शाखेत मणिपूरच्या एक मॅडम अधिकारी म्हणून बदलून आल्या. वर्षभरात त्यांनी मराठी अशी उचलली, की कर्ज थकवणाऱ्याला त्या 'काका, आज देतो उद्या देतो करू नका हं' असे सुनवू लागल्या. एके दिवशी पेन्शनीतले एक सद्गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही परदेशातल्या असलात तरी मराठी छान बोलता!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, मी मोइरांगजवळची. नेताजींच्या आझाद हिंद सेनेनं १९४४ साली तिथं झेंडा फडकवला."

"हो का?" काका म्हणाले, "पण तसं वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!"

कसे वाटत नाही, ते काकांनाच ठाऊक. मजा अशी, की काका त्या दिवशी आले होते ते ओळखीचा फॉर्म भरायला. वर मोठ्या अक्षरांत छापलेले असते, 'आपल्या ग्राहकाला ओळखा'. ग्राहकाने आपल्याला ओळखावे, असा फॉर्म अजून छापला गेलेला नाही.

बाहेरच्यांचे इतके सांगतो, मग घरचे का झाकू? आमच्याकडे एकदा पाहुणे आले असताना मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "आमची ही बाईमाणूस असली तरी व्यवहाराला पक्की आहे." ही चहा गाळत होती. गाळणी न हलवता म्हणाली, "आणि हे बँकेत असले तरी यांना व्यवहार कळत नाही." पाहुणे हसले. मीही हसलो, पाहुण्यांसमोर दुसरे काय करणार?

रात्री मात्र तिने हिशेब मांडला. आमच्या लग्नात, रिवाजाप्रमाणे, ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने तिचे नवे नाव लिहिले होते. नाव आमच्या आत्याने सुचवलेले, अक्षर माझे, बदलली ती. त्यामुळे तिच्या पदवीवर एक नाव, पॅनकार्डावर दुसरे आणि आधारवर या दोघींची खिचडी. तिचे खाते माझ्याच शाखेत काढताना 'या दोन्ही बायका एकच आहेत' असे प्रतिज्ञापत्र मीच तिच्याकडून घेतले. "माझी सव्वीस वर्षं तांदळात गेली," ती म्हणाली. "तुमचं काय गेलं?" मी विचार केला. वाटीभर तांदूळ गेले होते, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

मग मला बँकेच्या परीक्षेसाठी वाचलेला एक खटला आठवला. लेखिका गीता हरिहरन यांनी आणि त्यांच्या पतीने १९८४ साली मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायचे ठरवले. अर्जावर पालक म्हणून आईची सही होती. उत्तर आले, वडिलांची सही आणा. कारण १९५६च्या कायद्यात अज्ञान हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक कोण, तर 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई'. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ साली न्यायालयाने सांगितले, की 'त्यांच्यानंतर' म्हणजे 'ते मेल्यावरच' असे नव्हे. वडील काही कारणाने मुलाची जबाबदारी घेत नसतील तेव्हाही. एका शब्दाचा अर्थ लावायला अर्ज भरल्यापासून चौदा वर्षांवर काळ गेला. रामाचा वनवास आटोपला असता. आणि लक्षात घ्या, त्या वाक्यात 'आणि' होता. पण तो 'त्यांच्यानंतर'ला सोबत घेऊन आला होता. तेव्हा नुसत्या 'आणि'वरही डोळे मिटून भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी कागदोपत्री आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लावला आहे. मी ही बातमी हिला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान. म्हणजे आता आई फॉर्मवर आली. रजा घेऊन तो फॉर्म भरायला कोण जातं ते बघू."

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की या गृहस्थाला दुसऱ्यांच्या 'तरी' बऱ्या मोजता येतात. तर माझीही एक सांगतो. तालुक्याच्या साहित्य संमेलनात मला हास्यलेख वाचायला बोलावले होते. अध्यक्षांनी ओळख करून दिली, "हे बँकेत कारकून असले तरी विनोदी लिहितात." टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला आणि आठ दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही. बँकेत कारकून असणे हा विनोदाला अडथळा कसा, हे त्या अध्यक्षांना चारचौघांत विचारावे असे वाटत होते. कारकून असल्यामुळेच तर मी लिहितो!

नवव्या दिवशी मात्र मला माझीच लाज वाटली. माझ्या 'तरी'ने माझे काय अडले? मानधनाचे पाकीट मिळाले, शाल मिळाली, नारळ मिळाला. मास्तरांच्या 'तरी'ने चेकबुक अडले होते. ताईच्या 'तरी'ने घरात ट्यूब आली होती. हिच्या 'तरी'ला प्रतिज्ञापत्र लागले. माझी 'तरी' म्हणजे मिसळीवरची. तोंड पोळले आणि निवले. तेव्हा 'आम्हालाही असंच होतं हो' असे म्हणत मी त्यांच्या रांगेत शिरू लागलो, तर ती घुसखोरी होईल. आणि रांगेत घुसणाऱ्याला मागे पाठवणे हे माझे रोजचे काम आहे.

या सगळ्यातून मला उमगले ते एवढेच. आपली ओळख काय, हा प्रश्न ज्याला कुणी विचारत नाही त्याला वाटते, की आपल्याला ओळखबिळख काही नाही, आपण नुसते माणूस. पुरुष असूनही, डोळे असूनही, 'इथला' दिसत असूनही हा किती हुशार आहे, असे मला आजवर कुणी म्हणालेले नाही. फॉर्म छापणाऱ्याने माझ्यासारखाच कुणीतरी डोळ्यांसमोर ठेवून तो छापलेला असतो. म्हणून माझे नाव रकान्यात बरोबर बसते आणि बाकीच्यांना 'इतर' पुढे खूण करावी लागते. रकाना कमी पडला, तर आपण रकाना लहान म्हणत नाही, माणूस जास्त म्हणतो.

शाळेत व्याकरणाच्या बाईंनी शिकवले होते, की 'जरी-तरी' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय. त्याने जोडलेल्या वाक्यांत एक मुख्य असते आणि एक गौण. 'आणि' समुच्चयबोधक, त्याने जोडलेली दोन्ही वाक्ये बरोबरीची. तेव्हा हे दोन मार्कांसाठी पाठ केले होते. त्यात माणसे असतात हे बाईंनी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तेव्हा मी डबा खात असेन.

गेल्या दिवाळीत मी ताईला ते कांदेपोहे आठवतात का, म्हणून विचारले. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. म्हणाली, "त्या काकांचं तोंडसुद्धा आठवत नाही. तू हसला होतास ते आठवतं." मी म्हणालो, "ताई, चुकलं." ती म्हणाली, "उशिरा सुचलं." 'तरी बरं, सुचलं' असे ती म्हणाली नाही. मी वाट पाहिली थोडी.

मास्तर निवृत्त झाले, पेन्शन आमच्याच शाखेत. मध्यंतरी मी त्यांना कौतुकाने सांगितले, की आता 'अपंग' म्हणत नाहीत, 'दिव्यांग' म्हणतात, आणि २०१६च्या कायद्याने सातऐवजी एकवीस प्रकार मानले आहेत. ते म्हणाले, "कायदा चांगला आहे. शब्दाचं तुम्ही बघा. माझी अडचण तुमच्या त्या टोकनच्या बोर्डाची आहे. तो नुसता पेटतो, बोलत नाही. माझा नंबर येऊन जातो आणि मी बाकावर दिव्यांग होऊन बसून राहतो."

बोलणाऱ्या बोर्डासाठी मी वर अर्ज केला आहे. तो मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर बोर्ड पेटला की मी काउंटरवरून नंबर ओरडतो. पहिल्या दिवशी सगळे दचकले. आता सवय झाली आहे. चष्मा विसरलेल्या आजी, मोबाइलमध्ये डोके घातलेली पोरे, डुलकी लागलेले पेन्शनर, सगळेच माझ्या आवाजावर उठतात.

परवा मी ओरडलो, "सत्तेचाळीस!" मास्तर काठी टेकत काउंटरशी आले. मी विचारले, "काय सर, येतो का ऐकू?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "आवाज भसाडा आहे." मग थांबले. मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलो.

"आणि ऐकू येतो."